खोगीर जग्वारचं, घोडं मिराजचं

कारगिल युद्धातल्या टायगर हिलची गोष्ट आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 24 जून 1999, ग्वाल्हेरचं मिराज, लेझरचा नेम आणि शिखरावरच्या तंबूंच्या चिंध्या. ती इथे पुन्हा सांगत नाही. ग्वाल्हेरच्या महाराजपूर विमानतळाच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसांना खरी गोडी आहे ती छापील गोष्टीच्या मागच्या भानगडींत.

पहिली भानगड इंजिनांची. ग्वाल्हेरचं मिराज एका इंजिनाचं, अंबाल्याचं जग्वार दोन इंजिनांचं. दोन्ही बॉम्ब टाकणारी, त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींचं फारसं सख्य नव्हतं. जग्वारवाले विचारायचे, ‘एकच इंजिन? मग घरी सांगून निघता ना?’ यावर मिराजवाल्यांकडे एक जुना विलायती विनोद तयार असायचा. जग्वारची दोन अडूर इंजिनं मुळातच अशक्त. त्यात उन्हाळा आणि भरलेल्या टाक्या असल्या की ते धावतच राहतं. शेवटी रनवे संपतो, पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन खाली वळते, आणि लोक म्हणतात, ‘उडालं बरं का!’

कारगिलमध्ये मात्र पहिला गुण दोन इंजिनांनाच मिळाला. 21 मे रोजी फोटो काढायला गेलेल्या म्हाताऱ्या कॅनबेराच्या एका इंजिनावर स्टिंगर क्षेपणास्त्र आदळलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी उरलेल्या इंजिनावर ते श्रीनगरला आणून उतरवलं. सहाच दिवसांनी एका इंजिनाच्या मिग-27चं इंजिन विरळ हवेत मारा करताना विझलं आणि वैमानिक नचिकेता यांना पॅराशूटनेच खाली यावं लागलं. एवढं झाल्यावर डोंगरातल्या मोठ्या कामासाठी वरिष्ठांनी निवड केली ती एका इंजिनाचीच!

त्या निवडीलाही कारण होतं. मिराज उंचीवर दमत नाही, आणि स्टिंगरच्या टप्प्याबाहेर राहायचं तर उंचीला पर्याय नव्हता. 17 जूनला मुंथो ढालोचा शत्रूचा रसदतळ मिराजनी उडवला, तोही साध्या, बिनलेझरच्या बॉम्बनी. टायगर हिलचं निमुळतं टोक मात्र तसं सापडणारं नव्हतं. तिथे इस्रायलचं लाइटनिंग पॉड आणि लेझर बॉम्ब हवा. मिराजसाठी घेतलेले फ्रेंच लेझर बॉम्ब इतके महाग, की एखाद्या तंबूवर टाकताना हिशेबनिसाला घाम फुटावा. स्वस्तातला पर्याय म्हणजे साध्या हजार पौंडी बॉम्बला लेझरचं पेव्हवे किट चढवायचं. पण ते लेणं जग्वारच्या अंगाचं. ते मिराजवर बसवायचं, म्हणजे एरवी महिनोन् महिने चालणारं काम. ते झालं 12 दिवसांत. जूनमधल्या ग्वाल्हेरात उन्हात राहिलेला पाना उघड्या हाताने धरवत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्या 12 दिवसांची किंमत कळेल. आणि एवढी कसरत करून सबंध युद्धात किती लेझर बॉम्ब टाकले? दोन आकडी संख्यासुद्धा भरली नाही.

त्या किटचीही एक कथा आहे. पुरवठादाराने एक सुटा भाग चुकीचा पाठवला होता. एरवी खरमरीत पत्र लिहून बदलून घेतला असता, पण मधल्या काळात पोखरण झालं, निर्बंध आले आणि दुकानाचं शटर पडलं. मग तो भाग आपल्याच लोकांनी इथे बनवला. जगाने बंदी घातली ती अणुबॉम्बमुळे, आणि तिने अडवून धरला एक सुटा भाग!

24 जूनच्या सकाळचा मान विंग कमांडर रघुनाथ नंबियार यांना मिळाला. विमान होतं दोन आसनी. म्हणजे शिकवणीसाठी घेतलेल्या जातीचं. पुढचा वैमानिक विमान सांभाळणार, मागचा पॉडमधून नेम धरणार. शिकवणीचं विमान परीक्षेला बसलं आणि पहिलं आलं. त्यात भर म्हणजे परीक्षकही वर्गात हजर. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस जवळच्याच दुसऱ्या मिराजमध्ये बसून पाहत होते. साहेब मागे असताना साधी स्कूटरही आपल्याकडून नीट चालत नाही. इथे तर लेझर बॉम्ब टाकायचा होता.

आणि जग्वार? ते त्याच सकाळी ताबारेषेवर होतं. पुढे 2017 साली वर्तमानपत्रांत छापून आलं, की एका जग्वारने गुलतारीच्या पाकिस्तानी ठाण्यावर लेझर रोखलं होतं, पण बॉम्ब तिथे पडला नाही. त्या वेळी त्या ठाण्यावर कोण होतं, हे मागाहून कळलं म्हणतात. खुद्द पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ आणि लष्करप्रमुख मुशर्रफ! नेम लागता तर मिराजच्या पराक्रमाला त्या दिवशी आतल्या पानावरही जागा मिळाली नसती.

2019च्या 24 जूनला महाराजपूरला वीस वर्षांचा सोहळा झाला. हवाई दलप्रमुख धनोआ यांनी ते 12 दिवस जाहीरपणे सांगितले. मैदानावर खोटी टायगर हिल उभारली होती, वरून मिराज गेलं, खाली दारू उडाली, टाळ्या पडल्या. 1999 साली मिराजची 7 नंबरची स्क्वाड्रन बाडबिस्तरा घेऊन पंजाबात आदमपूरला गेली होती आणि लढली तिथूनच, हे त्या गर्दीत कोणाला आठवत होतं, कोण जाणे. त्यामुळे ग्वाल्हेरहून उडून टायगर हिलवर हल्ला करण्याचा योग मिराजला आला तो थेट वीस वर्षांनी, चहा-समोशांच्या साक्षीने.