लांकडी चित्रकोडीं आणि लेसर-यंत्राची निवड

लांकडी फळीवर नकाशा चिकटवून त्याचे तुकडे कापण्याची युक्ति लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यानें १७६० च्या दशकांत रूढ केली. त्या कामीं तेव्हां बारीक करवत लागे. आज तेंच काम लेसरचा किरण करितो. मात्र यंत्र घेतांना पुष्कळ लोक त्याची शक्ति किती वॉट, एवढेंच विचारतात. कोड्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न निराळा आहे : किरण आपल्या वाटेंतील किती लांकूड जाळून टाकतो? ही फट जितकी रुंद, तितके तुकडे सैल.

डायोडचें यंत्र स्वस्त व सुटसुटीत असतें. परंतु ३ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड तें सावकाश कापतें. कार्बन डायॉक्साइड वायूच्या लेसरचा शोध बारामतीस जन्मलेल्या कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंत लावला. हें यंत्र महाग खरें. पण ४० ते ६० वॉटांचें असल्यास हेंच काम झपाट्यानें उरकतें. शेंकडों तुकडे कापावयाचे असल्यास तेंच बरें.

त्याचा किरण दिसत नाहीं, तरी डोळ्यांस घातक असतो. म्हणून बंद पेटी हवीच. धूर बाहेर नेणारा पंखाही हवा. लांकूड पेट घेऊं शकतें, यास्तव यंत्र चालू असतां जागा सोडूं नये.

खरेदीपूर्वीं आपलेंच प्लायवूड न्यावें. टेबलाच्या मध्यावर एक आणि दूरच्या कोपऱ्यांत एक, अशीं एकाच आकृतीचीं दोन लहान कोडीं कापवून घ्यावीं. तीं जोडून हलकेच उचलून पाहावीं. एकाचे तुकडे घट्ट बसले व दुसऱ्याचे गळून पडले, तर वॉट कितीही असोत, तें यंत्र आपल्या कामाचें नव्हे.