हरणाच्या शिकारीचा बार : ठासणीच्या बंदुकीची दारू व गोळी कशी ठरवीत

जुन्या दप्तरांत दारू, शिसें, गोळ्या, जामगी यांच्या नोंदी वारंवार येतात. मोहिमेच्या कागदांत आलेल्या अशा नोंदींचा अर्थ लावण्याची संशोधकांस सवय आहे. परंतु तींच नांवें एखाद्या वतनदाराच्या घरखर्चाच्या यादींत आलीं, म्हणजे बहुधा ‘शिकारीचें सामान’ एवढा शेरा लिहून कागद बाजूस ठेविला जातो. वास्तविक गोळीचें वजन व दारूचें माप या दोन आंकड्यांवरून बंदुकीची नळी केवढी होती, कोणत्या जनावरासाठीं बार भरला होता व तो किती अंतरावरून टाकावयाचा होता, याचें बरेंच अनुमान करतां येतें. तें कसें करावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं प्रांत घेतला आहे तो वऱ्हाडांतील कळंबचा.

कळंब हें हल्लीं यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण असून चिंतामणीच्या देवालयामुळें तें सर्वांस माहीत आहे. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे आलें. अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत त्या सुभ्याचीं जीं सरकारें नोंदलीं, त्यांत कळंब हें एक स्वतंत्र सरकार आहे. हें शहर प्राचीन व महत्त्वाचें असून म्हशींबद्दल प्रसिद्ध आहे, असें तो लिहितो. शेजारच्या चांद्याच्या गोंड जमीनदाराचाही तो उल्लेख करितो. इंग्रजी अमलांत हा मुलूख वणी जिल्ह्यांत मोडत असे. त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव १९०५ सालीं मिळालें. तेव्हां कळंबकडील त्यापूर्वींचे सरकारी कागद वणी या नांवाखालीं शोधावयास हवेत, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

ज्या ग्रंथांत कळंब सरकारची नोंद आहे, त्याच ग्रंथांत बंदुकीचें स्वतंत्र प्रकरण आहे, व आमच्या विषयास तेंच प्रारंभींचें प्रमाण होय. पूर्वीं नळी चतुर्थांशाहून अधिक दारूनें भरतां येत नसे, अकबराच्या कारखान्यांतील नळी मात्र तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाहीं, असें अबुल फजल सांगतो. लांब नळीच्या गोळीचें वजन २५ टांकांपर्यंत व आंखूड नळीच्या गोळीचें १५ टांकांपर्यंत, असेंही तो लिहितो. चार माशांचा टांक धरिला तर पहिली गोळी आठ तोळ्यांहून किंचित् अधिक व दुसरी पांच तोळ्यांची होते. एवढी जड गोळी सोडण्याचें धाडस बादशहावांचून इतर कोणी करीत नसे, हें त्याचें म्हणणें केवळ स्तुति नव्हे. त्या गोळीस लागणाऱ्या दारूचा धक्का खांद्यास सोसणें खरोखरीच कठीण आहे. बादशहाच्या ‘संग्राम’ नांवाच्या बंदुकीनें १०१९ जनावरें मारिलीं, ही नोंदही तेथेंच आहे. शिकारीचा हिशेब बंदूकवार ठेवण्याची चाल तेव्हांपासूनची आहे, हें यावरून दिसतें.

आतां बाराचें स्वरूप पाहूं. ज्या बंदुकीस पश्चिम महाराष्ट्रांत ‘ठासणीची’ म्हणतात, तिलाच विदर्भांत ‘भरमार’ म्हणतात. काडतूस येण्यापूर्वीं प्रत्येक बार शिकाऱ्यास स्वतःच सिद्ध करावा लागे. शिंगड्यांतून मापानें दारू काढून ती नळीच्या तोंडांतून आंत सोडावयाची, वर गोळी किंवा छर्रे घालावयाचे, गजानें ठासावयाचें, आणि कान्यावर रंजक घालून जामगीनें पेटवावयाची. पुढें जामगी जाऊन चकमक व नंतर टोपी आली. यांत निवड करावयाची ती तीन गोष्टींची : गोळीचा आकार, दारूचें माप व दारूची प्रत.

गोळीचा आकार नळीनें ठरतो. शिशाची वाटोळी गोळी असेल तर तिचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें. १२ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारें साडेदहा मासे, साडेपंधरा मिलिमीटरची दोन तोळ्यांहून थोडी कमी, व साडेअठरा मिलिमीटरची सव्वातीन तोळे भरते. इंग्रजी बंदुकीचा ‘बोअर’ हाही याच हिशेबाचा आहे : एका पौंड शिशाच्या नळींत बसणाऱ्या जितक्या समान गोळ्या होतील, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणून बारा बोअरची नळी वीस बोअरच्या नळीहून मोठी असते, हें विसरूं नये. जळलेल्या दारूची काजळी नळींत सांचते. तिला जागा राहावी म्हणून गोळी नळीपेक्षां थोडी लहान ओतीत, व तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळून ती घट्ट बसवीत. तेव्हां सांच्यावरून काढलेला व्यास नळीच्या व्यासाहून किंचित् कमी भरला, तर सांचा त्या बंदुकीचा नव्हे असें एकदम ठरवूं नये.

दारूचें माप जनावरावरून व अंतरावरून ठरतें. कागदांत सरसकट ‘हरिण’ म्हटलेल्या जनावरांत मोठा भेद आहे. चितळ, सांबर व भेकर यांचीं शिंगें गळून पुन्हां येतात. काळवीट, चौशिंगा व रोही यांचीं शिंगें पोकळ व कायमचीं असतात. शिकाऱ्याच्या दृष्टीनें मुख्य भेद वजनाचा. काळवीट सुमारें चाळीस किलोचा, चितळाचा नर त्याच्या दुप्पट, तर सांबराचा मोठा नर अडीचशें किलोंवर जातो. काळवीट उघड्या काळ्या रानांत राहतो व दुरून पळतो. चितळ व सांबर सागाच्या झाडींत जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. एकास हलकी, वेगवान् व सरळ जाणारी गोळी पाहिजे. दुसऱ्यास जड व खोल शिरणारी. दारू कमी पडली तर गोळी वांकडी पडते, किंवा जनावर मरत नाहीं, जखमी होऊन निघून जातें व रानांत कोठें तरी तडफडून पडतें. दारू अधिक झाली तर नेम बिघडतो, आणि नळी जुनी असेल तर ती फुटून धरणाऱ्याचाच हात जातो. या दोन अनर्थांच्या मधली जी वाट, तीच बाराची निवड होय.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार आमच्या शेजारच्या मध्यप्रांतांत झाला, हें विशेष आहे. तेथें नोकरीस असलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें १८६३ त ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा दुसरा ग्रंथ १८७१ चा. त्या काळीं लष्करांत लांबट गोळी व थोडी दारू यांचें प्रस्थ होतें. अशी गोळी दूर जाते, पण तिचा मार्ग कमानीसारखा असतो. अंतराचा अंदाज चुकला कीं नेम चुकतो. जंगलांत जनावर क्षणभर दिसतें, अंतर मोजण्यास सवड नसते. म्हणून मोठ्या नळीची वाटोळी गोळी, तीस भरपूर दारू व नळींतील आंट्यांचा पीळ मंद, अशी रायफल शिकारीस श्रेष्ठ, असें त्याचें मत. पीळ जलद असून दारू भरपूर घातली तर वाटोळी गोळी आंट्या सोडून घसरते, हें त्याचें कारण. सारांश, बार व नळी यांचा विचार वेगवेगळा करतां येत नाहीं.

दारूच्या प्रतीविषयीं आमच्या पूर्वजांचें लक्ष किती होतें, हें आज्ञापत्रावरून कळतें. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या या ग्रंथांत गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, व दारू ठराविक दिवसांनीं बाहेर काढून तीस ऊन द्यावें, अशी ताकीद आहे. शोरा अशुद्ध असला तर हवेंतील ओल शोषून घेतो. म्हणून तेंच माप वैशाखांत पुरें व श्रावणांत अपुरें पडूं शकतें. यादींत ऋतु दिला असेल तर तो अवश्य टिपून घ्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काडतूस आलें, तरी हातानें बार भरण्याची विद्या लगेच गेली नाहीं. पितळी काडतुसें पुन्हां पुन्हां भरून वापरीत; त्यासाठीं टोपी बसविण्याचीं व तोंड मिटविण्याचीं लहान यंत्रें येत. जुन्या वाड्यांतून तीं आजही सांपडतात व पुष्कळदां अडकित्त्याचा कांहीं प्रकार म्हणून भंगारांत जातात. काडतुसाबरोबर इंग्रजी ‘ड्रॅम’ हें मापही आलें. १८३३ त ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणून मासा १५ ग्रेनांचा, व ड्रॅम पावणेदोन माशांहून थोडा अधिक. तीन ड्रॅम म्हणजे सुमारें साडेपांच मासे. त्यापूर्वींचा तोळा मात्र ठिकाणपरत्वें बदलत असे, हें हिशेब करतांना पाहावें. १८८० नंतर धूर न होणारी दारू प्रचारांत आली. ती काळ्या दारूहून पुष्कळ जोरदार; जुन्या नळींत काळ्या दारूच्याच मापानें ती भरणें म्हणजे नळी फोडणें होय. यासाठीं माप वाचण्यापूर्वीं दारू कोणती, हें ठरविलें पाहिजे.

कागद वाचण्याचें एक काल्पनिक उदाहरण देतों. समजा, एका यादींत ‘गोळी वजन तोळे दोन, दारू मासे पांच’ अशी नोंद आहे. दोन तोळ्यांची गोळी सुमारें वीस बोअरच्या नळीची. दारू गोळीच्या पांचव्या हिश्श्याहून थोडी अधिक. हा चितळासारख्या जनावराचा, बेताच्या अंतराचा बार होय. तेथेंच गोळीऐवजीं छर्रे लिहिले असतील तर पक्ष्यांची किंवा सशाची शिकार समजावी. शिसें मुळींच नसून दोरखंडाचा खर्च असेल, तर फांसेपारध्यांस काम दिलें असण्याचा संभव तपासावा. त्यांची हरणाची शिकार फांसानें होत असे, बंदुकीनें नव्हे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतरचे परवाने याच रीतीनें वाचावे.

संग्राहकांस दोन सूचना करून हा लेख पुरा करितों. पहिली जीवाची आहे. घरांतील जुनी भरमार रिकामीच आहे असें धरूं नये. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींही पेट घेते. नळीच्या तोंडापुढें न उभें राहतां लांकडी काठी हळूच आंत तळापर्यंत घालून खूण करावी, व तीच काठी बाहेरून नळीवर धरून ती कान्यापर्यंत पोंचते कीं नाहीं तें पाहावें. बोटभर जरी कमी पडली, तरी आंत बार आहे असें समजून तिला हात न लावतां पोलिसांस व तज्ज्ञांस कळवावें. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाहीं अशा जुन्या हत्यारांस. इतरांस परवाना लागतो.

दुसरी सूचना विद्येची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणाची शिकार बंद झाली, व तें योग्यच झालें. पण त्याबरोबर बार भरण्याचें ज्ञान सांगणारी पिढीही सरली. आतां तें ज्ञान उरलें आहे तें सांचांत, मापांत व कागदांत. बंदूक एकाकडे, सांचा दुसऱ्याकडे व यादी तिसऱ्याकडे गेली, कीं तिन्ही मुक्या होतात. म्हणून एका घरांतून मिळालेलें हें सामान एकत्रच ठेवावें; निदान कोणती वस्तु कशाबरोबर होती, हें तरी चिठीवर लिहून ठेवावें. नळीचा व्यास, सांचाचा व्यास व मापांत मावणारी दारू हे तीन आंकडे टिपून ठेवणारा संग्राहक पुढच्या संशोधकाचें निम्में काम आजच करून ठेवतो.