सॅमनची हौस, रावसाची चव

टीव्हीवरच्या कुकरी शोमध्ये एक पदार्थ हमखास दिसतो. सॅमनचा गुलाबी तुकडा, त्यावर मधाचा चकचकीत लेप आणि वीस मिनिटांत ओव्हनमधून थेट ताटात! बघायला छान, पण सॅमन हा थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे तो परदेशातून येतो आणि त्याचा भाव ऐकूनच भूक मरते.

मग आमच्या पिंपरीत काय करायचं? रावस आणायचा. इंग्रजीत त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण हे नातं नावापुरतंच. रावस आपल्या उबदार समुद्रातला, अगदी वेगळ्या कुळातला. मात्र तुकडी तशीच जाड आणि काटे कमी, म्हणून मुलंही कुरकुर करत नाहीत. रावसही महागच वाटला तर बांगडा घ्या. ज्या ओमेगा-३ साठी सॅमनचं एवढं कौतुक होतं, ते बांगड्यात आणि तारलीतही भरपूर असतं.

आमच्या भागात घड्याळ चालतं ते पाळीवर. कुणी पहिल्या पाळीचं, कुणी रात्रपाळीचं, तर कुणी चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकलेलं. मासे तळायचे म्हटलं की घरचे ताटावर आणि बाई तव्याशी. गरम तुकडी सगळ्यांना मिळते, तिच्या वाट्याला मात्र शेवटची, गार झालेली. भाजलेल्या माशाचं मला आवडतं ते हेच, सगळ्या तुकड्या एकदमच तयार होतात.

आणि तो परदेशी ‘ग्लेझ’ म्हणजे तरी काय? आपला गुळाचा पाकच की!

साहित्य (चौघांसाठी): रावसाच्या बोटभर जाडीच्या सहा तुकड्या, अर्धं लिंबू, हळद, मीठ, एक चमचा आलं-लसूण वाटण. पाकासाठी दोन मोठे चमचे किसलेला गूळ, एक मोठा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, एक चमचा लाल तिखट, ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या, एक चमचा तेल.

कृती: तुकड्या धुऊन, फडक्याने टिपून कोरड्या करा. हळद, मीठ, लिंबू आणि वाटण चोळून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवा आणि कुकरमध्ये भात लावा. कढल्यात तेलावर लसूण परतून गूळ, कोळ, तिखट, चिमूटभर मीठ घाला. मधासारखं दाट झालं की उतरवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं.

ट्रेला तेलाचा हात लावून तुकड्या मांडा. दहा मिनिटं भाजा, मग बाहेर काढून वरून पाक लावा आणि आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. पाक आधीच लावू नका, मासा शिजायच्या आत गूळ करपून कडू होतो. तुकडी आतपर्यंत पांढरी दिसली आणि चमच्याने सहज सुटली की झालं. मटणासारखं शिजवत बसलात तर मासा कोरडा पडतो.

ओव्हन नाही? काही अडत नाही. जाड तव्यावर थोड्या तेलात, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजू चार-चार मिनिटं होऊ द्या. शेवटी पाक लावून दोन मिनिटं झाकण काढून ठेवा. मोठ्या तव्यावर सहाही तुकड्या मावतात.

घेताना मासा दाबून पाहा. बोटाचा खड्डा लगेच भरून आला तर ताजा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा हाच पाक पनीरला लावा. घरातल्या शाकाहारी जावेचीही सोय होते.

मासा ओव्हनमध्ये गेला की काकडीची कोशिंबीर करा आणि ताटं घ्या. मोजून घ्या बरं का, त्यात एक ताट तुमचंही हवं!