म्हातारे मांजर आणि ताटातले पाणी

मांजराच्या शरीरात पाणी दोन मार्गांनी येते: एक पिण्याच्या वाटीतून, दुसरा खाण्यातून. शिवाय अन्न पचून त्याची ऊर्जा होताना शरीरातच थोडे पाणी तयार होते. शंभर कॅलरींमागे ते १० ते १३ मिलीलिटर भरते. वाटी घरच्यांना दिसते. खाण्यातले पाणी कोणी मोजत नाही, आणि ओले खाणाऱ्या मांजराच्या पाण्याचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. म्हणून ‘आमचे मांजर पाण्याला तोंडच लावत नाही’ आणि ‘हल्ली मांजर सारखे पाण्यावर असते’ या दोन्ही तक्रारींचा उलगडा त्याला खायला काय मिळते हे विचारल्याखेरीज होत नाही. वय १० वर्षांच्या पुढे गेले की हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण याच वयात खाणे बदलते आणि मूत्रपिंडेही थकू लागतात.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले रानमांजर, फेलिस लिबिका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे नाते पक्के केले. त्या मुलखात पाणवठे विरळ, शिकार मात्र ओली. उंदीर, पाली, पाखरे यांच्या शरीरात साधारण दोनतृतीयांश पाणीच असते. मांजराची तहान त्यामुळे मंद राहिली आणि मूत्रपिंडे तरबेज झाली. माणसाला जमते त्याच्या दुपटीहून दाट लघवी मांजर करू शकते. १९५९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांना पिण्याचे पाणी न देता केवळ कच्ची मासळी किंवा मांस खाऊ घातले, तरी त्यांचे भागले. तेच अन्न थोडे सुकवून त्यातले पाणी ६३ टक्क्यांच्या आसपास आणले, तेव्हा मात्र मांजरांच्या शरीरातले पाणी घटू लागले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मांजर समुद्राच्या पाण्यावरही तग धरते असे दिसले होते. माणसाला ते अशक्य आहे.

पिण्याची रीतही या मंद तहानेला साजेशी आहे. मांजर जिभेचे टोक पाण्याला जेमतेम टेकवून झटकन वर ओढते आणि जिभेमागे उठलेली पाण्याची बारीक धार खाली पडायच्या आत तोंड मिटून घेते. सेकंदाला तीन-चारदा हे चालते, हे २०१० साली अमेरिकेतल्या अभियंत्यांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले. दर खेपेला तोंडात जातात दोन-तीन थेंब. १०० मिलीलिटर पाणी पोटात जायला जीभ पाच-सातशे वेळा हलवावी लागते.

आता ४ किलो वजनाच्या वृद्ध मांजराचा दिवसाचा हिशेब. त्याला सर्व मार्गांनी मिळून सुमारे २०० मिलीलिटर पाणी आणि तितक्याच, म्हणजे २०० कॅलरी लागतात. पाकिटातले दाणेदार कोरडे खाद्य दिले तर ५० ग्रॅममध्ये या कॅलरी पुऱ्या होतात, पण त्यात पाणी असते ४-५ मिलीलिटर. शरीराने स्वतः केलेले २०-२५ मिलीलिटर धरले, तरी १७० मिलीलिटर वाटीतून यायला हवेत. ओले डबाबंद किंवा पाऊचमधले खाद्य दिले तर त्याच कॅलरींसाठी साधारण सव्वादोनशे ग्रॅम खावे लागते आणि त्यातूनच पावणेदोनशे मिलीलिटर पाणी मिळते. असे मांजर दिवसभरात वाटीपाशी फिरकलेही नाही, तरी काही बिघडलेले नसते.

कोरडे खाणारे मांजर पाणी जास्त पिते हे खरे, पण जितके कमी पडते तितके भरून काढत नाही. खाद्य आणि पाणी दोन्ही मोजलेल्या प्रयोगांत हाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा निघाला आहे: कोरड्या खाद्यावर वाटीतले पाणी वाढते, एकूण पाणी घटते, लघवी कमी आणि दाट होते. वाटी भराभर रिकामी करणारे मांजर उलट कोरडे पडत असते आणि वाटीला न शिवणारे भरलेले असते, ही उलटापालट प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या गावात हा हिशेब पाकिटावरून करून चालत नाही. इथले मांजर पूर्वापार घरात आले ते धान्यामागच्या उंदरांसाठी. ज्वारीची कणगी असो की तुरीची आणि सोयाबीनची पोती, रात्री तिथे राखण मांजराची. एका लहान उंदरातून सुमारे ३० कॅलरी आणि १५-१७ मिलीलिटर पाणी मिळते. दिवसाला सात-आठ उंदीर पकडणाऱ्या मांजराला शंभरावर मिलीलिटर पाणी शिकारीतच मिळून जाते. घरून मिळते ती दूध-भाकरी किंवा दूधभात. म्हशीच्या दुधात सुमारे ८३ टक्के आणि गायीच्या दुधात ८७ टक्के पाणी असते. दीड कप दूध प्यायलेल्या मांजराला वेगळ्या पाण्याची गरज फारशी उरत नाही. पाण्यापुरते पाहिले तर दूध-भाकरीचे ताट कोरड्या दाण्यांपेक्षा उजवे आहे.

बाकी बाबतींत ते अपुरे पडते. प्रौढ मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी होत जाते. दूध जास्त झाले की अनेकांना जुलाब होतात आणि आलेले पाणी त्या वाटेने निघून जाते. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल मांजराला पुरेसे बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टिपटल खराब होते हे १९७५ साली, आणि हृदयाचा स्नायू दुबळा पडतो हे १९८७ साली सिद्ध झाले. भाकरीत टॉरिन नसते आणि दुधात गरजेच्या मानाने नगण्य असते. तरुण मांजर ही उणीव उंदरांवर भागवते.

म्हातारपणी नेमकी शिकार सुटते. २००२ साली अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, त्यांतल्या ९० मांजरांचे सांधे झिजलेले निघाले. माळवदावर चढणे, कणगीमागे दबा धरणे थांबते. दात हलतात, हिरड्या दुखतात. शिकारीतले पाणी बंद होते आणि त्याची जागा दूध-भाकरी, सुकट किंवा अलीकडे तालुक्याच्या दुकानात सुटे मिळणारे दाणे घेतात. मांजर वाटीपाशी जास्त दिसू लागते. यात आजार असेलच असे नाही. ताट कोरडे झाल्याचाही तो परिणाम असतो. तथापि असे मानून गप्प बसण्याची सोय नाही, कारण आजारही याच वयात सुरू होतात.

त्यांत पहिला मूत्रपिंडांचा दीर्घ विकार. मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे दोन लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. माणसाच्या मूत्रपिंडात त्या दहा लाखांच्या घरात. निकामी झालेले नेफ्रॉन पुन्हा उगवत नाहीत. दोनतृतीयांश गेले की लघवी दाट करण्याची ताकद सरते, आणि तीनचतुर्थांश गेल्यावर रक्तातले क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वाढलेले दिसते. लघवी पातळ आणि पुष्कळ होऊ लागते, गेलेले पाणी भरून काढायला मांजर जास्त पिते. तहान वाढते ती लघवी वाढल्यामुळे. म्हणून ‘फार पिते, सारखे बाहेर जाते’ असे म्हणून वाटी उचलून ठेवणे हा घातक उपाय आहे, जरी तो सद्हेतूने केला जात असला तरी. वाढलेल्या थायरॉइडमध्ये आणि मधुमेहातही तहान वाढते. दोन्हींत बहुधा भूक चांगली असते आणि तरी वजन उतरत जाते.

ओल्या खाद्यावरच्या मांजरात मूत्रपिंडांचा विकार बराच काळ लपून राहतो. त्याच्या लघवीला जास्तीचे लागणारे पाणी ताटातूनच मिळते आणि वाटीत फरक जाणवत नाही. कोरड्या खाद्यावरच्या मांजरात तो लवकर लक्षात येतो, पण तोवर ते मांजर पाण्यासाठी धडपडत असते. कोरड्या खाद्यामुळेच मूत्रपिंडे बिघडतात असे मात्र सिद्ध झालेले नाही. बद्धकोष्ठ आणि मूत्राशयातले खडे यांच्याशी कमी पाण्याचा संबंध अधिक स्पष्ट आहे. उतारवयात खडे बहुधा कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. ते औषधाने विरघळत नाहीत, आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून लघवी पातळ ठेवणे हाच मुख्य इलाज उरतो.

ताटातले पाणी सोडून इतर घटकही तहान हलवतात. प्रथिने पचली की युरिया होतो आणि तो बाहेर टाकायला पाणी लागते. म्हणून जास्त प्रथिनांच्या खाण्यावर मांजर जास्त पिते आणि लघवीही जास्त करते. मिठाचेही तसेच. खडे होऊ नयेत म्हणून बनवलेल्या काही खाद्यांत मीठ मुद्दाम वाढवलेले असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात निरोगी वृद्ध मांजरांना जास्त मिठाचे खाद्य दिल्याने मूत्रपिंडांचे काम बिघडलेले आढळले नाही. हा दिलासा निरोगी मांजरांपुरताच आहे. सुके बोंबील आणि सुकट यांत मीठही भरपूर आणि पाणीही थोडे. मूत्रपिंडे किंवा रक्तदाब बिघडलेल्या मांजराला ते देण्यात काही शहाणपण नाही. दिवसाचे खाणे एकदम न देता तीन-चार वेळा विभागून दिले तर पिणे थोडे वाढते. शहरांत विकल्या जाणाऱ्या विजेच्या कारंज्यांचा गाजावाजा मोठा आहे, पण प्रयोगांत त्यांचा फरक किरकोळ निघाला.

मूत्रपिंडांचा विकार ठरल्यावर आहाराचा रोख पाण्याइतकाच फॉस्फरसवर येतो. २००० साली लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या अभ्यासात कमी फॉस्फरस व बेताच्या प्रथिनांचे खाद्य स्वीकारलेली आजारी मांजरे मध्यकानुसार ६३३ दिवस जगली, ते न घेतलेली २६४ दिवस. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांनी खाद्य नाकारले त्यांची तब्येत मुळातच खालावलेली असू शकते. तरीही पुढच्या अभ्यासांनी दिशा तीच दाखवली. दुधात फॉस्फरस बराच असतो, तेव्हा पाण्याच्या हिशेबात उजवी ठरलेली दूध-भाकरी इथे मागे पडते.

घरच्या घरी ताट ओले करणे अवघड नाही. मीठ-मसाला न घातलेले चिकन किंवा मासळी उकडून, उकडलेल्या पाण्यासकट कुस्करून दिली की पाणी आपोआप जाते. पाणी फेकून दिले तर उकडलेल्या मांसात ते ६५ टक्क्यांच्या आतबाहेरच उरते. मराठवाडी मटणाचा रस्सा मात्र चालत नाही: कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते वाटणातले असोत की फोडणीतले. नुसत्या मांसावर ठेवणेही बरोबर नाही, त्यात कॅल्शियम फार कमी असते. दाणे भिजवून देता येतात, पण वैशाखाच्या उन्हाळ्यात भिजलेले खाद्य तासाभरात उचलावे लागते. बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करायचा. म्हातारे मांजर नव्या चवीपुढे हट्टाने उपाशी राहते, आणि दोन-तीन दिवसांचा उपास, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साचवून जिवावर बेततो.

पिणे खरोखर वाढले की नाही हे मोजूनच ठरते. ढोबळ मर्यादा अशी की वाटीतून २४ तासांत किलोमागे ५० मिलीलिटरहून अधिक पाणी जाऊ लागले तर तपासणी हवी, आणि १०० च्या वर ते नक्कीच विकृत. नायगावच्या एप्रिल-मे महिन्यांत मोजमापात एक खोट येते. पारा चाळिशीपार असताना उघड्यावरच्या भांड्यातून दिवसाला सुमारे सेंटीमीटरभर पाणी वाफ होऊन जाते. १५ सेंटीमीटर व्यासाच्या वाटीत हे जवळपास १७५ मिलीलिटर झाले, म्हणजे एका मांजराच्या पिण्याइतके. सावलीत आटणे कमी, पण शून्य नव्हे. म्हणून तशीच दुसरी वाटी तितकेच पाणी घालून, जाळीने झाकून शेजारी ठेवायची आणि तिच्यातली घट पहिलीतून वजा करायची. गुरांचा हौद, मोरी आणि शेजारचे रांजण हे मांजराचे गुप्त पाणवठे असतात; ते बंद करता आले नाहीत तर आकडा खालचाच समजायचा. उन्हाळ्यात मांजर अंग चाटून ओले करते आणि त्यातूनही पाणी खर्च होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कातडी चिमटीत धरून ती किती लवकर जागी बसते यावरून शुष्कता पाहण्याची रीत वृद्ध मांजरात फसवी आहे, कारण वयाने कातडीचा ताण आधीच गेलेला असतो. हिरड्या चिकट लागणे आणि वजन उतरणे या खुणा जास्त भरवशाच्या. पशुवैद्यकाकडे, मग तो तालुक्याचा दवाखाना असो की उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, पहिली तपासणी लघवीच्या विशिष्ट घनतेची, म्हणजे ती किती दाट आहे याची असते. निरोगी मांजरात ती १.०३५ च्या वर असते. ओले खाणाऱ्या मांजरात ती थोडी खाली उतरलेली मिळू शकते, म्हणून नमुन्याबरोबर गेल्या आठवड्यात मांजराने काय खाल्ले ते सांगावे लागते. त्यानंतर रक्तातले क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब पाहिला जातो.