घोयऱ्या सरड्याचा डोळा मिटलेला दिसला तर

बांधावरच्या झुडपात किंवा रस्ता ओलांडताना घोयरा सरडा दिसला, तर आधी त्याचे डोळे बघा. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा हा जीव किड्याचं अंतर डोळ्यांनीच जोखतो आणि मग जीभ फेकतो. दृष्टी गेली की उपासमार ठरलेली.

भर दिवसा डोळा मिटलेला, सुजलेला किंवा खोल गेलेला असेल तर सरडा आजारी आहे असं समजा. इजा, जंतुसंसर्ग आणि अंगातलं पाणी कमी होणं ही नेहमीची कारणं. डांबून ठेवलेल्या सरड्यांत अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पापण्या सुजतात.

काय करायचं?
• हवेशीर खोक्यात फांदी घालून त्याला सावलीत, शांत जागी ठेवा.
• पानांवर पाणी शिंपडा. तो वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो.
• माणसांचे ड्रॉप्स, हळद, तूप डोळ्यात घालू नका.
• वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.

हा सरडा विषारी नाही, त्याला मारू नका. आणि हौस म्हणून घरीही ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.