दोन शब्दांची नोंद

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते आणि विदर्भाच्या गावागावांतून आलेला गोवारींचा मोर्चा सीताबर्डीत, मॉरिस कॉलेजजवळच्या टी-पॉइंटवर अडवलेला होता. लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ जण चेंगरून मेले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. मागणी एकच होती, अनुसूचित जमातीच्या दाखल्याची. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी समाजाला विशेष मागास प्रवर्गात घेतले गेले. सीताबर्डीत स्मारक झाले, उड्डाणपुलाला शहिदांचे नाव लागले. दाखला मात्र मिळाला नाही.

अडचण यादीतल्या नोंदीची होती. १९५६ साली सुधारलेल्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ हे नाव आले. नुसते ‘गोवारी’ नव्हे. शासन म्हणे, हे दोन समाज वेगळे. गोवारी म्हणत, त्या नोंदीतले लोक आम्हीच.

कलम ३४२ प्रमाणे ही यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने निघते आणि नंतर ती बदलण्याचा अधिकार फक्त संसदेचा. न्यायालयाने तिच्यात एक शब्द घालायचा नाही की काढायचा नाही. या नियमाचा चटका नागपूरच्या हलबा कोष्टींनी आधीच सोसला होता. यादीतल्या ‘हलबा’त हलबा कोष्टी येतात का, याचा पुरावाच न्यायालयाने घ्यायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात ठरवले.

तरी एक वाट उरली होती. म्हैसूरच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘भोवी’ होते, पण त्या नावाची जातच तिथे सापडेना. तेव्हा हे नाव नेमके कोणाचे, हे पुराव्याने ठरवायला बसवलिंगप्पा खटल्यात परवानगी मिळाली होती. गोवारी याच वाटेने गेले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की ‘गोंड गोवारी’ ही जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, म्हणून नोंद गोवारींचीच. चोवीस वर्षांनी दाखले हाती पडू लागले.

१८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. गोंड गोवारी नामशेष झाल्याचा निष्कर्ष त्याला पटला नाही आणि तो पाया निसटताच मूळ नियम पुन्हा लागू झाला.

नियमामागे कारण आहे. नावाच्या साधर्म्यावर यादी ताणत गेली, तर मूळ आदिवासींच्याच ताटातले कमी होते. पण सीताबर्डीत ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्या मुलांचे शिक्षण शंभर वर्षांपूर्वीची एक पोटजमात शिल्लक होती की नव्हती यावर ठरावे, हे पचत नाही. उपेक्षा किती, गरिबी किती, हे प्रश्न निर्णायक ठरलेच नाहीत. धनगरांचा दावाही असाच ‘धनगड’ या नोंदीवर अडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा ठेवला: मधल्या अठ्ठावीस महिन्यांत मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या कायम, पुढचे लाभ नाहीत. म्हणजे एकाच घरात २०१९ साली प्रवेश घेतलेल्या बहिणीची जागा टिकली आणि २०२१ साली बारावी झालेल्या भावाला तो दाखला उरला नाही, असे घडू शकते. २०२४ च्या सुरुवातीला गोवारी पुन्हा नागपुरात, संविधान चौकात उपोषणाला बसले. मागणी तीच. यादीत आता फक्त संसदेच्या कायद्यानेच बदल होऊ शकतो.