पुढची काच काळी करावी का?

मंडळी, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. र्‍हस्व-दीर्घाच्या चुका रूमपार्टनरने तपासल्यात, राहिलेल्या तिच्या नावावर. विषय मात्र पक्का मेकॅनिकलचा आहे आणि घरचा पण.

माझा मामा अकोल्यात टुरिस्ट गाडी चालवतो. मे महिन्यात अकोल्याचं ऊन म्हणजे काय ते विदर्भातल्या मुलांना सांगायला नको, पारा ४५ च्या खाली उतरायला तयार नसतो. मामाने ठरवलं होतं की पुढच्या काचेला फिल्म लावायचीच. मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला लागले तर म्हणाला, "अवं, ऊन मले लागते, तुया पुस्तकाले नाही." हे मात्र खरं होतं. म्हणून मी गप्प बसले.

मग डिसेंबरमध्ये एकदा मामाची गाडी गॅरेजला होती, म्हणून त्याच्या मित्राची घेऊन आम्ही रात्री अमरावतीहून निघालो. त्या गाडीच्या पुढच्या काचेला ३५ नंबरची फिल्म होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरून ट्रक आला, फुल अप्परवर. ट्रक गेला आणि मामाने कचकन ब्रेक मारला. पुढे पंधरा-वीस फुटांवर कापसाने भरलेली बंडी! मागे ना लाल काच, ना कापड. मी पुढच्या सीटवर टक्क जागी होते, तरी मला ती दिसली नव्हती. घरी पोचेपर्यंत कोणी काही बोललं नाही. दुसर्‍या दिवशी मामा स्वतःच म्हणाला, "सांग आता, काय आहे तुया पुस्तकात."

तर पुस्तकात असं आहे. ३५ नंबर म्हणजे काचेवर पडलेल्या उजेडापैकी ३५ टक्केच आत येतो. याला व्हीएलटी म्हणतात. लोकांचा समज असा की फिल्ममुळे समोरच्या ट्रकचा झगमगाट कमी होतो. होतो ना. पण फिल्म काही ट्रक आणि बंडी असा भेदभाव करत नाही, दोघांचा उजेड त्याच प्रमाणात कापते. ट्रककडे उजेड इतका जास्त की तिसरा हिस्सा उरला तरी तो दिसतोच. बंडीकडून आपल्याच हेडलाइटचा जो थोडासा उजेड परत येतो, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे डोळ्याच्या हिशोबात शून्य. त्यात पुढची काच तिरपी असते, आणि उजेड तिरपा पडला की काचेवरून जास्त परावर्तित होतो. म्हणजे सरळ धरून मोजलेल्या आकड्यापेक्षा खरं दृश्य अजून अंधारं.

आता उष्णता. जमिनीवर पोचणार्‍या सूर्याच्या ऊर्जेत ढोबळमानाने निम्मी इन्फ्रारेड, ४५ टक्के दिसणारा उजेड आणि उरलेली ५ टक्के अल्ट्राव्हायोलेट. म्हणजे काच काळी करून आपण जे अडवतो, तो निम्म्यापेक्षा कमी भाग आहे. सिरॅमिक फिल्म वेगळी असते. तिच्यात असे सूक्ष्म कण असतात जे इन्फ्रारेड अडवतात आणि उजेड बराचसा जाऊ देतात. म्हणून ती जवळजवळ पारदर्शक दिसूनही गाडी थंड ठेवते. ती महाग असण्यामागे कारण आहे, नुसती लूट नाही.

पण दुकानात फसायला वाव पुष्कळ. आम्ही गेलो तिथे दुकानदाराने लाल बल्ब पेटवला, मध्ये फिल्म धरली आणि मामाला म्हणाला, हात लावून बघा. हात गार! "९७ टक्के उष्णता बंद." मामा लगेच खूश. पण तो बल्ब जवळजवळ सगळी इन्फ्रारेडच देतो, सूर्य तसा नाही. साधं गणित करा. काचेतून ७० टक्के उजेड आत यायला हवा असेल, तर सगळी इन्फ्रारेड (५०), सगळी अल्ट्राव्हायोलेट (५) आणि उजेडातला ३० टक्के हिस्सा (१३.५) अडवला, तरी बेरीज ६८.५. हे झालं स्वप्नातलं. शिवाय फिल्मने शोषलेली थोडी उष्णता आत येतेच. म्हणून टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जा किती अडली, तो आकडा मागायचा. मी मागितला तेव्हा दुकानदाराने चहा मागवला.

"यूव्ही प्रोटेक्शन"चे पैसे तर पुढच्या काचेवर देऊच नका. ती लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर. तो अल्ट्राव्हायोलेट जवळपास सगळी अडवतो. बाजूच्या काचा सहसा टफन्ड, तिथे प्रश्न वेगळा. आणि धातूचा थर असलेली स्वस्त फिल्म तर नकोच. फास्टॅग रेडिओ लहरींवर चालतो, टोलनाक्यावर टॅग वाचला गेला नाही तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसा.

कायद्याची गंमत वेगळीच. मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कितीही टक्क्यांची असो, वरून फिल्म चिकटवायचीच नाही. पुढे नियमातच बदल झाला, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. त्याच्या आधारे केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० ची अट पाळणारी, प्रमाणित फिल्म चालेल. चौकातल्या हवालदाराला हे सगळं समजावून सांगायची हिंमत तुमच्यात असेल तर गोष्ट वेगळी.

आता खरी मेख. ७० टक्के हे फिल्मचे नाहीत, काच अधिक फिल्म मिळून आहेत. लॅबमधून लक्स मीटर आणून मी मामाची काच मोजली. बाहेर ९५०, आत ७४०, म्हणजे ७८ टक्के. (जुगाडच आहे, पण सबमिशनच्या रीडिंगपेक्षा खरा.) त्यावर ७० नंबरची फिल्म लावली तर ०.७८ गुणिले ०.७० म्हणजे ५५ टक्के. नापास! पास व्हायला ९० नंबरची फिल्म लागते. दुकानदार "७० नंबर, एकदम लीगल" म्हणत होता.

९० नंबरच्या सिरॅमिकची किंमत ऐकून मामाने खिशातला हात काढलाच नाही. सध्या उभ्या गाडीत पुढच्या काचेआड चंदेरी शेड लावतो आणि निघताना दोन मिनिटं चारी काचा खाली करतो. गाडी थंडगार होत नाही, स्टीअरिंगला हात लावता येतो इतकंच. त्या मित्राने मात्र फिल्म अजून काढलेली नाही, मामा त्याची गाडी रात्री घेत नाही.

लक्स मीटर अजून मामाच्या डॅशबोर्डमध्येच आहे. सर, हा अंक तुमच्या हातात पडायच्या आत परत आणून ठेवते.